गोदामातल्या अक्काचं ऑपरेशन

मित्रांनो, पाय वर घेऊ नका आणि काठीही शोधू नका. मी धामण आहे, आता बरीच जुनी झालेली. माझ्या दातांत विष नाही आणि मनात तुमच्याविषयी राग नाही. पिवळसर तपकिरी अंग, ओठांवर काळ्या रेघा, डोळे मोठे आणि गोल. बाजेवर आडवी ठेवली तर दोन्हीकडून बाहेर लोंबेन एवढी लांबी. माकणीच्या वाटेवरच्या एका गावात सोसायटीचं दगडी गोदाम आहे, त्यातच माझं आयुष्य गेलं. दिवेलागणीनंतर आमच्या जातीचं नाव घ्यायचं नाही अशी इथली रीत, म्हणून गावानं मला अक्का म्हणायला सुरुवात केली. पुढं तेच नाव दिवसाही चालू राहिलं.

आम्हाला कान नसतात, असं तुमच्या शाळेच्या पुस्तकात असेल. ते खरं आहे. पण माझी हनुवटी जमिनीला टेकलेली असते आणि जमीन फार बोलकी आहे. कोण आलं, कोण रागात आहे, कोण अनवाणी आहे, सगळं तीच सांगते.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. गावाबाहेर पाझर तलावाचं काम चाललं होतं. सगळं गाव खडी फोडायला आणि माती वाहायला तिथं होतं. एका जुन्या वारुळाच्या पोकळीत आमची अंडी होती. नुकती कुठं ती फुटत होती आणि वरून कुदळ पडली. माझी भावंडं कुठं गेली ते मला कळलं नाही. मी मात्र एका बाईच्या हातात होते. ती मथुराबाई. तेव्हा अगदी पोरसवदा होती, आणि तिचं पहिलं लेकरू लिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत निजलेलं होतं. तिनं मला दुष्काळी कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीच्या रिकाम्या पातेल्यात ठेवलं आणि वरून पदराचं टोक झाकलं.

तिचा नवरा हरिबा म्हणाला, "अगं, हे काय उचलतीस? हितं आपल्याच खायाचं वांदं झालंय."

"ही काय तुमची सुकडी मागती व्हय?" मथुराबाई म्हणाली. "हिचं ही बघंल."

आणि मी माझं बघितलं. त्यांच्या झोपडीमागच्या दगडांत मी बेडूक आणि सरडे खाऊन वाढले. त्या वर्षी बेडूकही फार नव्हते, पण मलाही फार लागत नव्हतं.

पुढं पाऊस झाला, गावात सोसायटी निघाली, गोदाम उभं राहिलं. हायब्रीडचं बियाणं, खताची पोती, सभासदांची ज्वारी, सगळं तिथं येऊ लागलं. मग उंदीर आले. उंदरांचं औषध टाकलं, तर मेलेले उंदीर खाऊन गावातली मांजरं मेली आणि उरलेल्या उंदरांना रान मोकळं झालं. हरिबा तेव्हा गोदामाचा राखणदार झाला होता. एके दिवशी त्यानं मला पाटीत घालून नेलं आणि पोत्यांच्या थप्पीवर सोडलं. "जा अक्का," तो म्हणाला, "लागा नोकरीला."

मित्रांनो, सांगायला संकोच वाटत नाही. मी उत्तम काम केलं. आम्हाला वेटोळं घालून आवळता येत नाही. मी उंदराला भिंतीशी दाबून धरते आणि तसाच गिळते. थप्पीवर चढते, तुळईवरून जाते, दारामागं थांबते. दोनेक पावसाळ्यांत पोत्यांना भोकं पडायची थांबली. सोसायटीचे चेअरमन बंडप्पा बाहेरगावच्या पाहुण्यांना चहा पाजण्याआधी मला दाखवत. "आमच्या सोसायटीत रजा न मागणारी येकच नोकर हाय," असं म्हणून ते मिशीवरून हात फिरवत. बायका माझी कात मागून नेत आणि गरोदर लेकीच्या उशाखाली ठेवत. मला त्याचा अभिमान वाटे. असं बरीच वर्षं चाललं.

मग तो फेट्याचा प्रकार झाला.

एका उन्हाळ्याच्या अखेरीस बंडप्पा गोदामामागच्या बांधावरून येत होते. त्यांना दोन साप दिसले. एकमेकांना पीळ घालून हातभर उभे राहिलेले, डोलणारे. जुगणारे साप दिसले तर त्यांच्यावर कोरं कापड टाकायचं, आणि ते घरात जपलं की बरकत येते, असं इकडं मानतात. बंडप्पांच्या डोक्याला लेकाच्या लग्नातला कोरा फेटा होता. त्यांनी तो सोडला, लांबून फेकला, साप गेल्यावर उचलला आणि थेट देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. मग पारावर येऊन सांगितलं, "येक आपली अक्का. आन् दुसरा नाग! फडीवर दहाचा आकडा बघितला म्या."

खरं सांगू? ते दोघंही धामणच होते. दोघंही नर. आणि ते भांडत होते. आमच्यातले नर असेच भांडतात, चावत नाहीत, नुसतं एकमेकांना खाली दाबायला बघतात. मी त्या वेळी तुरीच्या पोत्यामागं होते आणि माझ्या तोंडात उंदीर होता. पण मला कोण विचारणार! आमच्यात नर असतो, हेच गावाला माहीत नव्हतं. गावाच्या समजुतीत धामण ही सगळी बाईमाणसं, आणि नाग हा त्यांचा नवरा.

मृग लागता लागता मी फाटक्या बारदानाच्या ढिगात अंडी घातली. पांढरी, मऊ सालीची, एकमेकांना चिकटलेली. मित्रांनो, अंडी घातल्यावर बाईचं अंग कसं रिकामं होतं, आणि मन कसं भरून येतं, ते सांगायला मला तुमची भाषा पुरत नाही. मी त्यांच्याभोवती गोल पडून राहिले. उंदीर समोरून गेला तरी उठले नाही. तेवढ्यात बियाणं न्यायला आलेल्या मल्लम्माचा पाय बारदानाला लागला. मल्लम्मा सोसायटीची जुनी सभासद, आवाज सगळ्या गावाला पुरणारा.

"अय्यो! नागाची अंडी! गोदामात नागाची अंडी!"

झालं. पेरणी तोंडावर, आणि एक माणूस आत पाऊल टाकेना. बैलगाड्या लांब उभ्या राहिल्या. हरिबा एकटाच पोती पाठीवर घेऊन बाहेर टाकत होता. त्याच संध्याकाळी गोदामाच्या ओट्यावर सभा भरली.

"मारून टाका," कुणीतरी म्हणालं.

"मारा की," बंडप्पा म्हणाले. "नागाची बायकू मारली तर त्यो डूख धरंल. तुमच्या उंबऱ्यात येऊन बसला म्हंजे?"

"मग तेरणा नदीच्या काठाला सोडून या."

"बायकू पळवली म्हणून बी डूखच धरंल की वो!"

लोक हसले. मग मल्लम्मा म्हणाली, "मग तिचं ऑपरेशनच करा. शिबिरात गावातल्या बायांची झाली, दवाखान्यात बैलांची झाली. हीच का मोकळी फिरायची?"

आणखी मोठं हसू फुटलं. पण ते ओसरल्यावर माना डोलू लागल्या. कारण या बोलण्यात सगळंच बसत होतं. मारायचं नाही, हाकलायचं नाही, उंदीर धरायला अक्का राहणार आणि पिलं होणार नाहीत. बंडप्पांनी मांडी बदलली आणि म्हणाले, "बोलवा डॉक्टरला."

मी तुळईला हनुवटी टेकून होते. बारदानाच्या ढिगाकडं बघत होते.

जनावरांचे डॉक्टर भीमाशंकर दुसऱ्या दिवशी फटफटीवर आले. तरुण होते, बोलायला सरळ. सभा पुन्हा ओट्यावर जमली. हरिबानं मला हातावर घेतलं आणि डॉक्टरांनी माझ्या पोटावरून अंगठा फिरवला.

"बैलाचं मी सहज करतो," ते म्हणाले. "सापाचं पोट मी कधी उघडलेलं नाही. अंडाशयं लांबट असतात, एकापुढं एक, एवढं चित्रात बघितलंय. भूल किती द्यायची तेही अंदाजानंच. जमेलही. पण ती उठेल असा शब्द मी देणार नाही."

"अंदाजानं तर अंदाजानं," बंडप्पा म्हणाले.

मथुराबाई एवढा वेळ बाजूला उभी होती. कडेवर तिचं धाकटं मूल होतं. थंडीत शाळेत भरलेल्या कुटुंबनियोजनाच्या शिबिरात तिनं स्वतःचं ऑपरेशन करून घेतलं होतं, आणि ते सगळ्या गावाला माहीत होतं.

"अप्पा, येक इचारू का?" ती म्हणाली. "माझं झालं तवा नर्सबाईनं बसवून समजावलं. म्या दोन दिस इचार केला, व्हय म्हणले, मग टेबलावर चढले. माझ्या लेकरांसाठी केलं, माझ्या जिवासाठी केलं. हिचं कुणासाठी करायलाव?"

"सापाला काय इचारायचं?"

"मग न इचारता कापायचं तरी कशाला?"

डॉक्टर म्हणाले, "अंडं अडकलं असतं, ती मरायला टेकली असती, तर मी आत्ता ही हत्यारांची पिशवी उघडली असती. पण ही धडधाकट आहे. आणि चेअरमनसाहेब, धामण वेगळी, नाग वेगळा. शेळीला म्हशीचं रेडकू होत नाही, तसंच हे."

"मग म्या फेटा कशावर टाकला?" बंडप्पांनी विचारलं.

फेटा तर देव्हाऱ्यात होता आणि रोज त्याला हळदकुंकू लागत होतं.

तेव्हा मथुराबाई म्हणाली, "अंडी माझ्या घरी ठिवते. फुटू द्या. येका जरी पिलानं फडा काढला, तर म्या सोता अक्काला टेबलावर धरीन. न्हाय काढला, तर तिच्या अंगाला कुणी बोट लावायचं न्हाय."

"अगं, घरात लेकरं हायती!" हरिबा म्हणाला.

"म्हणूनच म्हणते. लेकरांच्या घरात ठिवली, तरच हे लोक माझं खरं मानतील."

बोली ठरली. डॉक्टरांनी मथुराबाईच्या काजळाच्या डबीतून बोट भरून प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला एक ठिपका काढला. "ही बाजू वरच राहू द्या. अंडं फिरलं तर आतलं पिल्लू गुदमरतं."

"तीट लावली म्हणा की!" मथुराबाई हसली.

तिनं मडक्यात ओलसर माती आणि भुसा घालून अंडी ठेवली, वर फडकं बांधलं. मला शेजारच्या रिकाम्या रांजणात ठेवलं. मित्रांनो, ते दिवस लांब होते. मला अंडी दिसत नव्हती, पण मथुराबाईची पावलं कळत होती. दुपारी धाकट्याला पाजून झालं, तो निजला, की ती हळूच उठायची, मडक्याच्या फडक्यावर पाण्याचा हबका मारायची आणि क्षणभर हात तसाच ठेवायची. मग रांजणापाशी यायची. "हायती गं, बरी हायती," असं म्हणायची. त्या अंधारात मी उपाशी राहिले, पण मला धीर होता. आपली अंडी काय आहेत, ते आईला ठाऊक असतं.

तिकडं गोदामात उंदरांची चंगळ झाली. रब्बीसाठी ठेवलेल्या शाळूच्या पोत्यांतून दाणे गळायला लागले. बंडप्पा एक दिवसाआड दाराशी येऊन खाकरायचे. "फुटली का?"

"कोंबडी न्हाय ती, अप्पा," मथुराबाई आतूनच सांगायची. "जरा दम धरा."

नागपंचमी होऊन गेली आणि एका सकाळी मडक्यात पहिली चीर पडली. मला ते रांजणाच्या मातीतून कळलं. हरिबा धावत जाऊन सगळ्यांना घेऊन आला. बंडप्पा आले, मल्लम्मा आली, दारात गर्दी झाली. डॉक्टरही आले, आणि ठरल्याप्रमाणे त्यांच्या खांद्याला ती पिशवी होती. मथुराबाईनं मला रांजणातून काढून मांडीवर घेतलं.

सालीला पडलेल्या चिरेतून इवलं तोंड बाहेर आलं. जीभ लपलपली. मग मान, मग सगळं अंग. पिलू बाहेर येऊन बघतं तर काय, वर माणसांची ही गर्दी! ते घाबरलं. आणि घाबरल्यावर आम्ही जे करतो तेच त्यानं केलं. मान फुगवली आणि डोकं उचलून फुत्कार टाकला.

"फडा!" बंडप्पा ओरडले. "काढला! फडा काढला! म्या म्हणलं व्हतं!"

"तो फडा नाही," डॉक्टर म्हणाले. "धामण अशी मान फुगवते."

"तुमी तर सापाचं पोट बी बघितलं न्हाय कवा!"

हे डॉक्टरांनीच सांगितलेलं होतं. बोली बोली होती. सगळ्यांची नजर त्यांच्या पिशवीवर गेली, आणि मथुराबाईची बोटं माझ्या पाठीवर घट्ट झाली.

मग तिनं मला हरिबाकडं दिलं आणि उजवा हात सरळ मडक्यात घातला.

पिलू चावलं. तिच्या अंगठ्याशेजारी रक्ताचे बारीक थेंब आले. मथुराबाईनं हात सगळ्यांसमोर धरला.

"नाग असंल तर दिवेलागणीच्या आधी कळंलच," ती म्हणाली. "जाऊ नका कुणी. बसा. भाकरी टाकते."

मित्रांनो, तुम्ही असं कधीही करू नका. ती मला माझ्या जन्मापासून ओळखत होती, आणि डॉक्टर शेजारी बसलेले होते. तुमच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी नसतील.

तिनं हात धुतला, चूल पेटवली, परातीत पीठ घेतलं. सगळे तिच्या हाताकडं बघत होते. त्याच हातानं तिनं पीठ मळलं. त्याच हातानं भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. भाकरी टम्म फुगली. दुसरी थापली. मध्येच धाकटा रडला, तर पिठाच्या हातानंच त्याला उचलून पाजलं आणि पुन्हा परातीशी बसली. डॉक्टर अधूनमधून तिची नाडी बघत होते. मल्लम्मा पुटपुटत होती, "सूज बी न्हाय की वो."

बंडप्पा चेअरमन त्या घरात आजवर कधी पाण्याच्या घोटालाही थांबले नव्हते. वस्ती कुठली, घर कुणाचं, हे ते पाळत. पण हात बघायचा तर बसावं लागणार होतं, आणि बसल्यावर समोर भाकरी आली, वर पिठलं आलं. ते एकदा भाकरीकडं बघत, एकदा तिच्या हाताकडं. मल्लम्मा म्हणाली, "खावा की वो अप्पा! इख असंल तर आधी तिला चढंल, मग तुमाला."

सगळं घर हसलं. बंडप्पांनी भाकरी मोडली.

उन्हं कलली, गुरं परतली, आणि मथुराबाई तशीच ठणठणीत. मडक्यात एकेक करून बाकीची पिलं बाहेर आली होती. सगळी माझ्यासारखी, लांबोडकी, मोठ्या डोळ्यांची. डॉक्टरांनी पिशवी खांद्याला लावली. ती उघडायची वेळ आली नव्हती. "झालं का समाधान, चेअरमनसाहेब?"

बंडप्पांनी हात धुतला. बराच वेळ मिशी पुसली. "झालं. आमच्या अक्कामधी खोट न्हाय," ते म्हणाले. "पर त्या दिवशीची ती दुसरीच कुणी असंल. नाग मातुर व्हताच."

फेटा देव्हाऱ्यातच राहिला. अजूनही आहे. राहू दे बिचारा.

जाता जाता ते दारात घुटमळले आणि हळूच म्हणाले, "मथुराबाई, येक पिलू आमच्या कडब्याच्या गंजीत सोडायला द्या."

"आधी मला!" मल्लम्मा मागून ओरडली. "अंडी पयल्यांदा म्या बघितली!"

त्या संध्याकाळी माझी लेकरं गावभर गेली. गंजीत, बांधावर, विहिरीच्या दगडांत. मला जवळ ठेवता आली नसती, आमच्यात ती रीतही नाही. पण ती कुठं गेली ते मला माहीत होतं, आणि एवढं सुख आमच्या जातीत फारशा आयांना मिळत नाही. मथुराबाईनं मला अंगणात खाली ठेवलं. मी पाटीची वाट बघितली नाही. भरल्या गल्लीतून, लोकांच्या पायांमधून, मी माझी माझी गोदामाकडं गेले. लोकांनी वाट दिली. काठी कुणीच उचलली नाही.

मित्रांनो, आता माझी चाल मंदावली आहे. कात टाकताना फार त्रास होतो, नजरही पूर्वीची राहिली नाही. पण त्यानंतरही मी बऱ्याच वेळा अंडी घातली आणि मथुराबाईनं ती दरवेळी तीट लावून उचलली. म्हणून तुम्हाला एक सांगावंसं वाटतं. तुमच्या घरी कुत्री असेल, मांजर असेल, गाय असेल. कधी तिच्या अंगाला शस्त्र लावावंही लागेल. त्यात वाईट काही नाही. मथुराबाईनं स्वतःचं करून घेतलंच होतं, आणि माझं अंडं अडकलं असतं तर मीही तिच्या मांडीवर निमूट पडून राहिले असते. पण आधी एवढंच विचारा की हे तिच्या दुखण्यासाठी आहे, की आपल्या भीतीसाठी? भीतीसाठी असेल, तर भीतीच आधी तपासून बघा. तिला थोडे दिवस द्या. ज्या जिवाला "नको" म्हणता येत नाही, त्याच्यासाठी कुणीतरी मध्ये उभं राहावं लागतं, आणि त्यासाठी फार मोठं माणूस लागत नाही. कडेवर लेकरू असलेली एक बाईही पुरते.

बरं, मागच्या थप्पीत कुणीतरी पोतं कुरतडतंय. येते मी.